भाषणाच्या आदल्या दिवशी

आईची ट्रंक उघडली आणि वेखंडाचा उग्र, मातकट गंध एकदम अंगावर आला. कसर लागू नये म्हणून तिनं डायऱ्यांमध्ये ठेवलेले ते सुकलेले तुकडे! किती ओळखीचा हा गंध. पण आज, जुळे सोलापुरातल्या आमच्या लख्ख उजेडाच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी, त्या वासानं मी झाकण पुन्हा अर्धं लोटलं.

उद्या आईच्या गळ्यातली गाठ काढायची आहे. गाठ साधीच आहे, असं डॉक्टर म्हणतात. मात्र आवाजाची नस तिला अगदी चिकटून आहे आणि आवाज पूर्वीसारखा राहीलच याची खात्री नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आईनं शांतपणे मान डोलावली आणि घरी येताच मला कॉलेजच्या डायऱ्या काढायला लावल्या.

डायऱ्यांसोबत निघालं जाळी पडलेलं पिंपळपान, काळवंडलेलं पदक, एसटीचा पास. कुंभारी गावाहून कॉलेजात येणारी किरकोळ अंगाची मुलगी होती तेव्हा आई! पहिल्याच भाषणात तिच्या तोंडून 'आमी हितं आलो' निघालं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. दुसरी एखादी तोंडाला कुलूप लावून बसली असती. हिनं वक्तृत्वस्पर्धेत नाव दिलं. मग प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या दिवशी डायरीत एकच ओळ, 'भीती वाटते.' आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर एकच शब्द, 'बोलले.'

स्पर्धेच्या सकाळी आजी तिला कडक भाकरी आणि झणझणीत शेंगाचटणी बळेबळे खायला घालायची. "तिखटानं घसा मोकळा हुतो, खा की गप!" खडीसाखर द्यायची सोडून चटणी! नाकाडोळ्यांतून पाणी गाळत आई व्यासपीठावर चढायची आणि परीक्षकांना वाटायचं, अहाहा, काय हा भावनावेग! हे सांगताना ती अजून खो खो हसते.

ते हसणं उद्यानंतर कसं ऐकू येईल? तुम्हाला म्हणून सांगते, मला फार भीती वाटते. चेहऱ्यांच्या तसबिरी आपण भिंतीवर लावतो. हाकेला कुठली आलीय चौकट? तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला जागच्या जागी थांबवणारा, मला लाडानं 'कार्टे' म्हणणारा, देवापुढे नकळत मृदू होणारा हा स्वर विरून गेला, तर मी तो कुठे शोधू? न राहवून मी मोबाईल तिच्यापुढे धरला, काहीतरी बोल म्हटलं. ती उखडलीच. "मी काय उद्या मरायला निघालेय?" मोबाईलमध्ये तेवढंच एक वाक्य आलं. मी ते चोरून पुन्हा पुन्हा ऐकते आहे.

उद्या उपाशीपोटी जायचंय, चटणी-भाकरीचाही आधार नाही. दिवेलागणीला आईनं शेवटची डायरी मांडीवर घेतली. अखेरीस काही पानं कोरी उरली होती. पिवळ्या पडलेल्या पानावर तिनं सावकाश लिहिलं, 'भीती वाटते.' मग पान उलटलं, पुढच्या कोऱ्या पानावर खूण म्हणून वेखंडाचा तुकडा ठेवला आणि डायरी माझ्या हातात दिली.

"दवाखान्याच्या पिशवीत ठेव," ती म्हणाली. "आणि पेन विसरू नकोस."

पेन ठेवलंय. आता सगळ्या पिशवीला वेखंडाचा वास येतो आहे.