दोन सभांमधली सिस्टरआक्का

"दुखणार नाही," असं सिस्टरआक्का कधीच कुणाला म्हणाली नाही. सुई टोचण्याआधी ती समोरच्याकडे सरळ बघायची आणि सांगायची, "दुखणार बघ. पर थोडा वेळच." लहान मुलांनाही हेच. सीमाभागातल्या वडगावच्या आमच्या गल्लीत घराघरांतून मागाची खडखड चालायची, पण त्या आवाजातही तिचं हळू बोलणं ऐकू यायचं, कारण ती बोलायला लागली की माणसं गप्प होत.

मिशनच्या दवाखान्यात तिची सगळी नोकरी झाली. गल्लीत ख्रिस्ती घर एकच, तिचं. नाताळात तिच्या करंज्या आमच्याकडे, दिवाळीत आमच्या तिच्याकडे. निवृत्तीनंतर संध्याकाळी तिच्या कट्ट्यावर रक्तदाब मोजून घ्यायला रांग लागे. नवरा गेल्यावर मुलगा शमू तिला अमेरिकेला घेऊन गेला. आता ती काही परत येत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. काही वर्षांनी ती एकटीच परत आली.

मी तिच्या शेजारची, शाळेत शिकवणारी. संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायची. काय घडलं ते तिनं मला थोडं थोडं करून सांगितलं.

शमूच्या घराजवळ एक चर्च होतं. माणसं सगळी गोरी, पण प्रेमळ. एका बाईनं आक्काला पाव भाजायला शिकवलं, उपासनेला शेजारी बसवून घेतलं. मग नवे पाळक आले. वेदीशेजारी देशाचा झेंडा उभा राहिला. हा देश देवानं आपल्याला दिलाय, असं दर रविवारच्या उपदेशात यायला लागलं. "मला वाटलं, त्या 'आपल्या'त मी बी हाय," आक्का म्हणाली. "बाप्तिस्मा झालेली बाई मी. माझा आजा पाळक होता."

त्या चर्चच्या हॉलमध्ये मतदान व्हायचं. पलीकडच्या वस्तीतले काळे लोक तिथंच मत द्यायला येत. नव्या पाळकांनी सभा बोलावली आणि सांगितलं, यापुढे हॉल द्यायचा नाही. कारण दुरुस्तीचं दिलं, पण ही माणसं आपल्याविरुद्ध मत देतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुसरं केंद्र इतकं लांब, की वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गाडीशिवाय जाता येणार नव्हतं. आक्का उभी राहिली. ज्यांना आपण दारात येऊ देत नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना कोणत्या तोंडानं करायची, असं तिनं विचारलं. कुणी ओरडलं नाही. पाव शिकवणाऱ्या बाईनं तिचा हात हातात घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही तुमच्या देशात परत कधी जाणार?"

"तिचं एवढं न्हाय वाटलं गं," आक्का सांगत होती. "शमू शेजारीच बसला होता. मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळत होता." घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, मला इथं राहायचंय. गप्प बसायला तू काय घेशील?"

ही हकीकत गल्लीभर झाली. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी आप्पा लई खूश. "आक्का, स्टेजवर येऊन सांगा," म्हणाला. "तिकडं आपल्या माणसांना कसं वागवत्यात ते कळू दे." सभा मराठीसाठीची होती. फलक कन्नडमध्ये, सरकारी कागद कन्नडमध्ये, अशी सगळी आमची गाऱ्हाणी. आक्कानं अमेरिकेतलं सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या. पण ती माइकपासून हलली नाही.

"आता हितलं सांगते," ती म्हणाली. "माझ्या समोरचं घर रिकामं हाय. एक मुसलमान विणकर बायकापोरं घिऊन बघून गेला. मालक द्यायला तयार होता. ह्याच मंडळानं जाऊन त्याला सांगितलं, ह्या गल्लीत आपलीच माणसं राहत्यात. सरकार आपल्याला उपरं समजतंय म्हणून आपण रडतोय, आन् त्यास्नी आपण..."

माइक बंद झाला. ती बोलत राहिली. पुढच्या एकदोन रांगांनाच ऐकू गेलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या कट्ट्यावर कुणी आलं नाही. भांडलंही कुणी नाही. रक्तदाब मोजायला लोक मेडिकलच्या दुकानात जाऊ लागले. नाताळच्या करंज्यांचं ताट एका घरातून तसंच परत आलं, "साखर बंद केलीया" म्हणून. समोरचं घर आप्पाच्या मेहुण्याला मिळालं. आक्का संध्याकाळी रक्तदाबाचं यंत्र मांडीवर घेऊन बसून राहायची.

"आक्का, आधी तिकडं, आता हितं. कशाला ओढवून घेतलासा?" मी एकदा विचारलं.

"मला एकटं राहायची सवय न्हाय गं," ती म्हणाली. "लई जड जातंय."

पावसाळा सरता सरता ती झोपेतच गेली. शमू येईपर्यंत तिला दवाखान्यात ठेवलं होतं. मग शवपेटी घरी आणली. माणसं थोडीच होती. आप्पा हार घेऊन आला आणि बाहेर कट्ट्यावर शमूशेजारी बसला. मी चहा घेऊन गेले.

"मनानं लई चांगली होती वो," आप्पा म्हणाला. "पर जुळवून घेता आलं न्हाय तिला."

शमूनं मान हलवली. "तिकडंपण हेच झालं. मी किती सांगितलं."

"कुणाचं ऐकायची न्हाय."

"न्हायच."

मग दोघं तिथल्या निवडणुकीबद्दल बोलले, इथल्या निवडणुकीबद्दल बोलले. त्यांचं चांगलं जमलं. मी चहाचा ट्रे तिथंच ठेवला आणि आत जाऊन पेटीजवळ बसले.