गटारीची कड

आकारामला त्या बुधवारी एवढंच करायचं होतं. गडमुडशिंगीतल्या भाड्याच्या खोलीतून निघायचं आणि शिरोली एमआयडीसीतल्या अमरसिंह साहेबांच्या कारखान्याच्या दारात एकट्यानं जाऊन उभं राहायचं. कुणी हात न धरता.

आकारामचं तरुणपण याच एमआयडीसीत लेथ मशीनवर गेलं होतं. पुढं डोळ्यांतला दाब वाढत गेला. आधी कडेचं दिसायचं बंद झालं, मग मधलंही गेलं, आणि चाळिशीच्या आत हातात पांढरी काठी आली. अमरसिंह साहेबांकडं पॅकिंगला माणूस हवा होता. नट, बोल्ट, वॉशर मापानं पिशवीत भरायचे. बायको संयोगिता त्याला घेऊन गेली तेव्हा त्यानं पिशव्या भरून दाखवल्या. साहेबांना काम पटलं, अडलं ते दुसरीकडंच.

“काम तुम्हाला जमतंय,” ते म्हणाले, “पण रोज बाई आणून सोडणार म्हटल्यावर, त्या आजारी पडल्या की माझा माणूस घरी. बुधवारी एकटे येऊन दाखवा. आलात की त्याच पावली कामाला लागा.”

बोलणं रास्त होतं. संयोगिता भल्या सकाळीच एका मेसमध्ये भाकरी थापायला जायची, ती रोज सोडणार तरी कशी? आणि हे काम झालं नाही तर पुढचं ठरल्यातच जमा होतं. तिचा भाऊ जोतीराम हातकणंगल्याहून येऊन गेला होता. खोली सोडा, आमच्याकडं चला, गोठ्याशेजारची खोली रिकामीच आहे, असं त्याचं म्हणणं. मनानं चांगला माणूस. जाताना आकारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “दाजी, तुमी काय बी करायचं न्हाई. नुसतं बसायचं.”

एवढे चांगले शब्द आकारामला कधी एवढे लागले नव्हते.

म्हणून नवराबायकोनं रस्त्याची तालीम केली. संयोगिताची सुट्टी सोमवारी, एमआयडीसीही सोमवारी बंद. रहदारी कमी, शिकायला सोपं, असा विचार. वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, थांबतं तिथून कारखान्याच्या दारापर्यंत सरळ गटार होती, आणि गटारीला वीतभर उंच सिमेंटची कड. काठीचं टोक त्या कडेला लावून चालत राहायचं. कड संपून पायाखाली लोखंडी जाळी लागली की दार आलं. शिवाय काठीचा आवाज कंपाउंडच्या भिंतीवर आपटून परत यायचा, त्यावरून भिंत कुठवर आहे तेही कळायचं. सोमवारी हे सगळं पाठ झालं. अर्धी हयात त्याच एमआयडीसीत काढलेल्या माणसाच्या ध्यानात एवढं आलं नाही, की बुधवारी तिथं प्रेस धडधडत असतात, भट्ट्यांचे ब्लोअर घोंघावत असतात, आणि त्यात काठीचा आवाज कुणाच्या बापाला ऐकू येत नाही.

वडापमध्ये तो चढला तशी आत हलवाहलव सुरू झाली. दोघं उठले, एकानं त्याची पिशवी ओढली, एकानं डोकं वाकवा म्हणून मानेवर हात ठेवला. ड्रायव्हरनं शेजारच्याला विचारलं, ह्यास्नी कुठं उतरायचं हाय? शेजारचा म्हणाला, मी ह्यांच्यासंगं न्हाई.

“मला इचारा की,” आकाराम म्हणाला. “तावडे हॉटेल.”

समोरच्या म्हातारीनं जन्मापासून असं आहे का ते विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर जास्तच हळहळली आणि एका देवाच्या अमावास्या धरायला सांगितल्या. तिच्या जावेच्या भावाला चांगला गुण आला होता. त्यांना काय झालं होतं, असं आकारामनं विचारलं.

“मूळव्याध,” म्हातारी म्हणाली.

सगळं वडाप हसलं. आकारामही हसला. अशा वेळी आंधळा माणूस हसला नाही तर लोकांना फार अवघड होतं, हे तो शिकला होता.

तावडे हॉटेलच्या चौकात तो शिरोलीच्या वडापची वाट बघत उभा होता. तेवढ्यात कुणीतरी त्याचा दंड धरला आणि त्याला हायवेच्या पलीकडं नेलं. तो नको नको म्हणत होता, आणि तो माणूस घाबरू नका, मी हाय की, म्हणत होता. पलीकडं सोडून तो पुण्यवान निघूनही गेला. परत यायला आकारामला दुसरा माणूस शोधावा लागला. त्यानं विचारलं, मग आलासाच कशाला इकडं?

शिरोलीत उतरला तेव्हा कपडे घामानं अंगाला चिकटले होते. आणि मग ते आवाज अंगावर आले. डावीकडं प्रेस, उजवीकडं ट्रक, वर ब्लोअर. भिंत कुठं गेली ते कळेना. सोमवारचा तो शांत, ओळखीचा रस्ता कुणीतरी उचलून नेला होता. आकाराम बराच वेळ जागेवर उभा राहिला. मग हळूहळू काठी फिरवत गेला, आणि काठीचं टोक सिमेंटला लागलं.

कड सापडली होती. ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळत होतं. लेथवर टूल फिरत्या लोखंडाला टेकलं की हँडलमधून हाताला जे कळायचं, तसंच. तो एक एक पाऊल टाकत निघाला. अर्धा रस्ता झाला असेल.

“आवं पावणं, गटारीत चाललायसा!”

मोटरसायकल खचकन थांबली आणि दोन दणकट हातांनी त्याला मागं ओढलं. काठी कडेवरून सुटली. माणसाचं नाव कृष्णात, जवळच वेल्डिंगला होता, हे त्यानं एका दमात सांगितलं. कुठं जायचंय ते विचारून घेतलं. आकाराम म्हणाला, मला चालतच जायचं आहे, मुद्दाम चालतोय. पण कोल्हापुरात नको म्हणणं म्हणजे आग्रहाला जागा करून देणं. पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून वाढून जातो, तशातली ही गत. कृष्णातनं काठी मिटून त्याच्या काखेत दिली, त्याला गाडीवर बसवलं आणि वर म्हणाला, मी असताना तुमी चालणार व्हय?

कारखान्याच्या दारातही तो थांबला नाही. दंड धरून आकारामला थेट ऑफिसात घेऊन गेला.

“सायेब, ह्यो माणूस गटारीत पडत हुता,” कृष्णातनं सांगितलं. “मी बघितलं म्हणून बरं. न्हाईतर आज काय खरं नव्हतं.”

“पडत नव्हतो,” आकाराम म्हणाला. “गटारीची कड धरून येत होतो. निम्म्यात आलो होतो.”

बोलताना त्यालाच ते कसंतरी वाटलं. साहेबांनी कृष्णातलाच विचारलं, यांच्या घरचं कुणी बरोबर नाही का? मग आकारामशी बोलायला लागले ते मोठ्या आवाजात, त्याचे कानही गेल्यासारखे. रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता आलं असतं. ते म्हणाले, “मी नाही म्हणत नाही हो. पण उद्या रस्त्यात काही झालं, तर ते माझ्या डोक्यावर. घरचं माणूस रोज आणून सोडणार असेल तर बघू.”

बाहेर कृष्णात गाडी चालू करूनच उभा होता. चला, वडापपर्यंत सोडतो, म्हणाला. आकाराम काठी उघडून चालायला लागला. कृष्णातला ते लागलं. भलं करायची सोयच राहिली न्हाई, असं काहीतरी पुटपुटला, पण जाईना. पहिल्या गिअरमध्ये गाडी गुरगुरत आकारामच्या मागं मागं येत राहिली. प्रेस, ब्लोअर आणि आता हे पाठीला लागलेलं इंजिन. आकारामला कड सापडेना. वडापचा थांबा मागं राहिला की पुढं आहे, तेही कळेना.

तो थांबला. “पावणं, हात जोडतो. गाडी बंद करा. मला कायच कळंना.”

इंजिन बंद झालं.

आकाराम थांब्यापर्यंत गेला. तिथं माणसांची बोलणी ऐकू आली तेव्हा खात्री पटली. वडाप उभं होतं, ड्रायव्हर गांधीनगर, तावडे हॉटेल ओरडत होता. आकाराम चढला नाही. वळला, काठीनं कड शोधली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाला. या खेपेला कुणी ओढलं नाही. कड मध्ये एकदा फुटकी लागली, तिथं तो गुडघ्यावर आला, हात खरचटले, उठून पुन्हा चालला. शेवटी पायाखाली लोखंडी जाळी वाजली. त्यानं हात पुढं केला, तर गेटचा गज तापलेला होता. आकारामनं तो घट्ट धरला.

“परत आलासा?” वॉचमन अंबादास आतून म्हणाला. “कोण सोडलं?”

“कुणी न्हाई. थांब्यापास्नं एकटा आलोय. सायबास्नी तेवढं सांगा.”

अंबादासनं गजातून बाहेर डोकावलं. म्हणाला, “आवं, ते गाडीवालं मागं हुबं हाय की तुमच्या.”

आकाराम वळला. मागं धापा ऐकू आल्या. कृष्णातनं गाडी बंद केली होती, आणि थांब्यापर्यंत जाऊन परत इथवर, सगळा रस्ता, ती ढकलत आणली होती.

“मी हात लावला न्हाई,” कृष्णात म्हणाला. “पडलं तवा बी लावला न्हाई. ते आपलं आपण आलं.”

“मग तू कशाला आलास मागनं?” अंबादासनं विचारलं.

कृष्णातनं गाडी स्टँडला लावली. साहेब जेवायला घरी गेले होते, कधी येतील सांगता येत नव्हतं, आणि आले तरी अंबादास त्यांना काय सांगणार होता, तेही कळत नव्हतं. आकाराम म्हणाला, मी इथंच थांबतो.

अंबादास आतून खुर्ची घेऊन आला, ती आकारामच्या पायाला टेकवली. “बसा तवर,” म्हणाला.

आकारामनं खुर्चीच्या पाठीला हात लावून बघितला. बसला नाही.