सीमोल्लंघन आणि चौकातला तांबडा दिवा

श्रीकुलस्वामिनीच्या चरणी मस्तक ठेवून आणि विघ्नहर्त्याचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त घरचेच आहे. गेल्या पंधरवड्यात नातवाच्या नावे दंडाचे चलान आले. चौकातल्या खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याने त्याच्या स्कूटरचे छायाचित्र काढले होते. स्कूटर पांढऱ्या पट्टीच्या पुढे होती आणि वर तांबडा दिवा होता. नातू म्हणाला, "आजोबा, मी तर थांबणारच होतो. मागचा हॉर्न पे हॉर्न देत होता, तर निघालो. आता मशीनशी कोण बहस करणार?"

 दसरा जवळ आला होता आणि तो चौक नई सडकेच्या तोंडाचा होता. त्या चौकातल्या पहिल्या दिव्याची हकीकत घरात माझ्याखेरीज आता कुणाला ठाऊक नाही. ती लिहून ठेवावी, असे सुनेनेही सुचवले.

तेव्हा ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता. तोही आता मोडून नवे मोठे राज्य व्हायचे होते आणि राजधानी भोपाळला जायची होती. कचेऱ्यांतली कपाटे दोरखंडाने बांधून ट्रकांत चढत होती. दरवाजांवरची जुनी राजचिन्हे उतरवली गेली होती आणि त्यांच्या जागी भिंतीचा फिकट रंग तेवढा उरला होता. लोक मला विचारीत, "मास्तर, कसं वाटतं?" मी एका शाळेत संस्कृत शिकवीत असे, म्हणून मला काही विशेष वाटत असेल अशी त्यांची समजूत होती. मला काहीच वाटत नव्हते. सकाळी संध्या होई, दुपारी शब्दरूपे होत, सायंकाळी देवळात दिवा लागे. हातपाय आपापले काम करीत होते.

अशा दिवसांत नगरपालिकेने चौकात एक खांब उभा केला. खांबावर पत्र्याची पेटी, पेटीला तांबडी आणि हिरवी काच, आत विजेचा दिवा. खाली गोल चबुतऱ्यावर उभा असलेला शिपाई मूठ फिरवी आणि रंग बदले. लोकांना हे कळावे म्हणून टांग्यातून डोंडी पिटवली गेली. डोंडीवाला जुन्याच घाटणीने ओरडे, "हर ख़ास-ओ-आम को इत्तिला दी जाती है, लाल बत्ती पर रुकें, हरी पर चलें." मुलांचा घोळका त्याच्या मागून हीच घोषणा देत फिरे. तरीही प्रारंभी कुणी थांबत नसे. शिपाई शिटी फुंकी, टांगेवाल्याचा लगाम धरी. एका टांगेवाल्याने त्याला माझ्यासमोर सांगितले, "दीवानजी, मैं तो रुक जाऊँ, घोड़े को लाल-हरा नहीं दिखता."

शिपाई भिंडकडचा होता. तो शांतपणे म्हणाला, "तो चालान घोड़े के नाम काट दूँ?"

न थांबणाऱ्याला पहिल्या खेपेस चबुतऱ्याशेजारी घटकाभर उभे करीत. समोरचा पानवाला ओळखीच्या माणसाला तिथे उभे पाहिले की मुद्दाम रामराम घाली. त्या रामरामाचा धाक दंडाहून अधिक होता. पुढच्या खेपेस मात्र प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जाई, आणि कुणाला इजा झाली असेल तर पहिल्याच खेपेस.

आमचे देऊळ दौलतगंजात आहे. वडील तिथले वंशपरंपरागत पुजारी. आमच्या वस्तीतली घराणी फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आली, आणि दसऱ्याला मोहिमेवर निघालेली फौज शहराच्या आत थांबली तर मोहीम फसते, अशी त्यांची श्रद्धा. फौजा संपल्या, मोहिमा संपल्या. देवीच्या स्वारीने ती रीत तेवढी धरून ठेवली. विजयादशमीला देवीचा चांदीचा मुखवटा देवळातून उचलला की शहराबाहेरच्या शमीपर्यंत वाटेत कुठेही थांबायचे नाही, की मुखवटा खाली ठेवायचा नाही. संस्थानाच्या काळी पालखीला भोई मिळत, पुढे स्वार असत आणि रस्ता आधीच मोकळा केलेला असे. विलीनीकरणानंतर भोईही गेले आणि स्वारही. एका सरदार घराण्याने आपली जुनी, उघड्या टपाची मोटार त्या दिवसापुरती द्यायला आरंभ केला.

ती मोटार चालवणारे गृहस्थ आमच्याच गल्लीत राहत. संस्थानी रिसाल्यात दफेदार होते, म्हणून सारी गल्ली त्यांना दफेदारच म्हणे. मी दफेदारकाका म्हणत असे. रिसाला मोडल्यावर ते त्या सरदारांकडे चालक झाले. आता सरदारही बिऱ्हाड हलवून पुण्यास निघाले होते आणि मोटार विकायची होती. दफेदारकाकांचे नाव नव्या राज्याच्या सरकारी मोटारींवरील चालकांत निश्चित झाले होते. भोपाळला हजर व्हायचे आणि लायसन दाखवायचे, एवढेच उरले होते. लायसनावर एकही शेरा नको, अशी अट होती. काकू भांडी कल्हईला देऊन आल्या होत्या. थोरली मुलगी लग्नाची होती, आणि नोकरी सरकारी म्हटल्यावर एका घराने पुन्हा निरोप पाठवला होता.

त्या दसऱ्याला तिसऱ्या प्रहरी देवी निघाली. मागच्या आसनावर वडील मुखवटा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी मी, हातात हळदीकुंकवाचे तबक. चौकात रस्ता मोकळा ठेवावा असे पोलिसांना कुणी सांगितलेच नव्हते. देवीच्या स्वारीसाठी रस्ता मागावा लागतो, ही कल्पनाच वडिलांना नव्हती. तो मिळत आला होता.

नई सडकेच्या चौकाशी आलो तेव्हा दिवा तांबडा झाला. शिपायाने हात उंच केला. दफेदारकाकांनी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. वडील देवीचे नाम घेत होते. डावीकडून एक सायकलस्वार आपल्या हिरव्या दिव्यावर निश्चिंतपणे येत होता. आवाज फार मोठा झाला नाही. जेवणाचा डबा रस्त्यावर बराच वेळ घरंगळत राहिला, तो मला आजही दिसतो.

मोटार थांबली. अशा रीतीने देवी चौकाच्या मध्यभागी थांबलीच.

सायकलस्वार बिर्लानगरच्या गिरणीतला कामगार होता, पाळी संपवून घरी चालला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली वेडावाकडा झाला होता. तो ओरडत नव्हता. लोक जमले. कुणीतरी म्हणाले, टांगा बोलवा. वडील म्हणाले, "टांग्यात हादरे बसतील. आत घ्या त्यांना."

मी म्हणालो, "नाना, देवी?"

"देवीला मी सरकवून घेतो. तू त्यांना उचल."

शिपायाने आणि मी त्या माणसाला उचलून आसनावर घेतले. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते आणि त्याच्या उशाशी मुखवटा. गाडी सुरू झाल्यावर त्याने डोळे उघडून विचारले, "कौन सी माता हैं?" वडिलांनी नाव सांगितले. त्याने पडल्या पडल्या हात जोडले. दफेदारकाका पुढे बघत मोटार चालवीत होते. त्यांची मान ताठ होती.

शमीच्या दिशेने जाणारा रस्ता उजवीकडे राहिला. आम्ही डावीकडे इस्पितळाकडे वळलो. त्या वर्षी सीमोल्लंघन झाले नाही. इस्पितळाच्या ओसरीतल्या बाकावर वडील दिवेलागणीपर्यंत मुखवटा मांडीवर घेऊन बसले. खाली ठेवायचा नव्हता. येणारेजाणारे रोगी नमस्कार करून पुढे जात. एका म्हातारीने मुखवट्यापुढे केळे ठेवले. मी समोरच्या भिंतीवरची पोपडी पाहत होतो. ती एखाद्या देशाच्या नकाशासारखी दिसते, एवढाच विचार मनात येत होता. दुःख झाले पाहिजे, हे कळत होते. ते येत नव्हते.

खटला लागला. आमच्या गल्लीतले एक वकील फी न घेता उभे राहायला तयार झाले. त्यांनी देवळाच्या पायरीवर दफेदारकाकांना समजावले, "एवढंच म्हणा, उन्हामुळं दिवा दिसला नाही. चुकून झालं म्हणून दंड होईल, लायसन वाचेल. भोपाळ वाचेल."

"ऊन?" काका म्हणाले. "मी पूर्वेला चाललो होतो, वकीलसाहेब. ऊन पाठीवर होतं."

"कोर्टाला दिशा कोण सांगणार आहे?"

"तो शिपाई सांगेल. रोज तिथंच उभा असतो."

"तो दफेदारांचं नाव ऐकून आहे. नाही सांगणार. मी बोललोय त्याच्याशी."

काकू दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, हो म्हणा न त्यांना. एवढं काय त्यात." काकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते आम्हांला समजले नाही.

मॅजिस्ट्रेट इंदूरकडचे होते आणि मराठी बोलत. ग्वाल्हेरकर मंडळींना इंदूरचा माणूस वर बसलेला रुचत नसे, पण ते गृहस्थ सौम्य होते. प्रथम वडिलांनी बोलण्याची अनुज्ञा मागितली. म्हणाले, "यात दोष चालकाचा नाही. रीत आमची आहे. देवी निघाल्यावर थांबत नाही."

"कुठवर थांबत नाही?"

"सीमेपर्यंत."

मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली. "गुरुजी, उपहास म्हणून विचारत नाही. कोणती सीमा? संस्थान गेलं. मध्यभारत पुढच्या महिन्यात जाईल. देवी कोणती सीमा ओलांडायला निघाली होती?"

वडील उभेच होते.  मी त्यांना सांगायला काही श्लोक आठवू लागलो. आठवले तेवढे सगळे दुसऱ्याच विषयाचे होते. वडील बसले.

मग मॅजिस्ट्रेटांनी दफेदारकाकांना विचारले, "दिवा दिसला होता का?"

वकील खाली पाहत होते. शिपाई भिंतीशी उभा होता, तोही खालीच पाहत होता.

"दिसला होता, साहेब," काका म्हणाले. "लांबूनच दिसला होता."

"मग थांबला का नाहीत?"

"देवी गाडीत होती म्हणून. आणि साहेब, जे झालं ते तिच्यासमोर झालं. आता तिला बाजूला ठेवून नाही कसं म्हणू?"

मॅजिस्ट्रेटांनी लेखणी पुन्हा उचलली. नंतर म्हणाले, "देवीच्या लायसनवर माझा अधिकार नाही. तुमच्यावर आहे." लायसन वर्षभरासाठी निलंबित झाले आणि त्यावर शेरा बसला. भोपाळच्या चालकांत दफेदारकाकांच्या जागी दुसऱ्या कुणाचे नाव गेले. बाहेर आल्यावर वकील एवढेच म्हणाले, "दफेदार, तुम्ही मला वकील ठेवलंत कशाला?" काका किंचित हसले आणि म्हणाले, "तुम्हीच आलात, साहेब." ते घरापर्यंत पायी आले. काकूंनी दार उघडले, त्यांच्या मुद्रेकडे पाहिले आणि पाणी आणायला आत गेल्या. निरोप पाठवणाऱ्या घराचा निरोप पुन्हा आला नाही. कुणी रडले नाही. नवे राज्य झाले, फटाके वाजले, आम्ही ते खिडकीतून ऐकले.

ते वर्षभर वडील फार कमी बोलत. पुढच्या नवरात्रात अष्टमीला त्यांनी मला जवळ बसवून विचारले, "थांबू नये, असं शास्त्रात कुठं आहे?"

मी माझ्याजवळचे ग्रंथ पाहिले होते. सांगितले, "कुठं सापडलं नाही, नाना. विसाव्याचा निषेध नाही. उलट वाटेत भक्त आला तर थांबावं, हे योग्यच ठरतं."

"मग भक्त तर मध्ये आलाच होता," वडील म्हणाले, आणि तबक पुसू लागले.

त्या दसऱ्याला मोटार नव्हती. गल्लीतल्या तरुणांनी माळ्यावरची पालखी काढून खांद्यावर घेतली. पुढे दफेदारकाका जुना फेटा बांधून चालत होते. चौकाशी येताच दिवा तांबडा झाला. काकांनी हात उंच केला, शिपायाने करावा तसा, आणि पालखी थांबली. गल्लीतले वृद्ध वडिलांकडे पाहू लागले. वडील म्हणाले, "विसावा आहे. आरती म्हणा."

आरती अर्धी झाली तोच दिवा हिरवा झाला. भिंडचा शिपाई चबुतऱ्यावरून म्हणाला, "पूरी कर लीजिए गुरुजी, मैं रोके हूँ," आणि मूठ फिरवून त्याने दिवा पुन्हा तांबडा केला. टांगेवाले कुरकुरले, पानवाल्याने त्यांना दटावले. गर्दीत काठी टेकून तो गिरणी कामगार उभा होता. त्याला वर्दी कुणी दिली होती, मला माहीत नाही. शमीपूजनाआधी सोने वाटत नाहीत. तरी वडिलांनी देवीवरचे एक पान काढून दफेदारकाकांच्या हाती दिले. काका गर्दीत गेले आणि ते पान त्या माणसाला देऊन त्याच्या पायांना हात लावला. तो मागे सरकत म्हणाला, "अरे बाबूजी, क्या करते हैं." काका परत येऊन पालखीपुढे उभे राहिले.

लायसन परत मिळाल्यावर दफेदारकाका एका मालवाहू कंपनीची लॉरी चालवू लागले. भोपाळला ते कधी गेले नाहीत. मुलीचे लग्न पुढे उज्जैनला झाले. त्या चौकात त्यांची लॉरी पट्टीच्या बरीच मागे उभी राही. मागचे लोक ओरडत, ते पुढे बघत बसत. देवी आजही तिथे थांबते, दिवा कोणताही असला तरी. वाहतूक पोलीस आता आपण होऊन विचारून जातात, विसावा किती वाजता म्हणून. त्यामागचे कारण त्यांना ठाऊक नाही, आणि नातवालाही परवापर्यंत ठाऊक नव्हते.

त्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने मोबाईलवर ते चलान पुन्हा उघडले. मग म्हणाला, "आजोबा, चलान भरून टाकतो. आणि दसऱ्याला पालखीपुढे मी चालू का?" मी हो म्हणालो.

वाचणाऱ्या आपणां सर्वांवर आणि आपल्या घरादारावर जगदंबेची छाया राहो. घराबाहेर पडलेले प्रत्येक माणूस सायंकाळी धडधाकट पायांनी उंबऱ्यात परत येवो, आणि त्याची वाट पाहणाऱ्याच्या हातातला पाण्याचा तांब्या वाया न जावो. शुभं भवतु.