गडीमाणसाची कमांड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण माझाच संताप आता मला आवरत नाही.

चौसाळ्याला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून कामं कशी करायची, ते शिकवतो. कमांड अडली की पोरांनी सरांना विचारायचं — रुबाब होता माझा, खोटं कशाला बोलू? खरं तर सगळी माहिती मशीनमध्येच असते. man — मॅन्युअलचं लघुरूप — लिहून पुढं कमांडचं नाव टाकलं की तिच्या माहितीचं पान उघडतं. मग मी ते का शिकवलं नाही?

नेकनूरहून एसटीनं येणाऱ्या वर्षानं त्याबद्दल कुठंतरी वाचलं आणि भर वर्गात म्हणाली, उघडून दाखवा. उघडलं. पडदा इंग्रजीनं भरला — आणि मला बाहेरच पडता येईना. एस्केप दाबलं, काही नाही. एंटर दाबलं तर पान नुसतं खाली सरके. सगळी पोरं बघत होती.

"सर, खाली बघा, तितं —" वर्षा म्हणाली.

"गप बस. मॅन म्हंजी गडीमाणूस. बायांचं काम न्हाई ते."

वर्ग हसला. तीही हसली, थोडी. मी विंडोच बंद केली. त्या कमांडचं नाव पुन्हा वर्गात निघालं नाही.

पुढं पुण्याच्या एका कंपनीत तिची परीक्षा होती. घरच्यांनी तेवढी एकच संधी दिली होती, नाहीतर लग्न. परीक्षेत नेट बंद. मशीनमधली माहिती वाचून काम करून दाखवा, म्हणाले. तिनं पान उघडलं, पण एवढ्या लांबलचक मजकुरात हवं ते शोधायचं कसं? कोण दाखवणार होतं? मीच ना? वेळ संपला. तिचे वडील विचारायला आले, तेव्हा मी म्हणालो — तिच्यादेखत म्हणालो — "पोरगी लई धांदरट हाय."

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी जेवून आलो.

इतके दिवस मी ती पानं लिहिणाऱ्यांना शिव्या घालत होतो. कुणाला कळू नये म्हणूनच असं लिहितात, आत घेतात आणि बाहेरची वाट ठेवत नाहीत, म्हणायचो. परवा एकटा असताना ते पान पुन्हा उघडलं. पडद्याच्या अगदी तळाशी इंग्रजीत एक ओळ होती — बाहेर पडायला q दाबा.

ती ओळ त्या दिवशीही तिथंच होती. वर्षाला दिसली होती.