दोन चापांचं पिस्तूल

सन दोन हजार तेवीस, माघ महिना, पानगळ सुरू झालेली. एवढं नेमकं का सांगतो? कारण माझ्या हातून आयुष्यात चूक एकदाच झाली. तीही पक्की!

शहाद्यात एसटी स्टँडसमोर माझं लोहारकाम. उसाचे कोयते, फवारणीचे पंप. शाळा दुसरीपर्यंत. पण लोखंड माझ्याशी खोटं बोलत नाही.

तापीकाठचे मगनभाई गुजर पणजोबांचं पिस्तूल घेऊन आले. तळहाताएवढं, बंडीच्या खिशात दडवायचं. नळी कधीच बुजवलेली, आता नुसती शोभा. मुठीवर चांदीच्या तारेची वेल, सांधा कुठे दिसेल तर शपथ! तांब्याच्या टोपीवर आपटणारा घोडा गंजून बसलेला. अन् बोटाने ओढायचा चाप? नव्हताच!

"आबा, नातनं लगीन शे. पाहुणासले दखाडनं शे. पणजोबानी एवढीच खूण."

चाप तुटून पडलाय, हे मी लगेच ठरवलं. "चाप तुटेल शे. नवा बसाडी देसू."

शेजारच्या युसूफ घड्याळवाल्याने डोळ्याचं भिंग काढलं. "आबा, पहिले घोडा मोकळा करा. चाप पोटमा व्हई."

"पोटमा? का, गाभण शे का ते?"

दुकानापुढचे लोक हसले. मी आणखी चढलो. "तुन्हं खरं निंघनं तर तुन्हं शटर फुकट नीट करसू!"

ते शटर आठ वर्षं अर्ध्यावर अडकलेलं. आमचं भांडण, म्हणून मी हात लावत नव्हतो. तो रोज वाकून दुकानात शिरायचा. मी रोज बघायचो.

तीन दिवस घासून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा चाप घडवला. रिव्हेट ठोकून असा बसवला, की बैल जुंपा, हलणार नाही! मग घोड्याला तेल सोडलं.

मगनभाई न्यायला आले. युसूफही वाकून बाहेर आला. मी छाती काढून घोडा मागे ओढला.

खट्!

पोटातून दुसरा चाप बाहेर! बारीक, वळणदार. घोडा पुढे केला, परत आत गडप. खिशात अडकू नये म्हणून कारागिराने दडवलेला. काय हात असेल हो त्याचा!

युसूफ म्हणाला, "आबा, जुळं व्हयनं!"

मगनभाईंचा चेहरा पडला. "आते तुमना काढा."

दोन तास छिन्नी, हातोडी, घाम. निघतो कशाला? माझं काम मलाच निघेना! सांगा, आहे शहाद्यात असा दुसरा लोहार?

शेवटी पिस्तूल दोन्ही चापांसकट लग्नात गेलं, अन् बघायला पाहुण्यांची रांग लागली. मगनभाई एकेका चापावर बोट ठेवून ऐटीत सांगत होते, "हाऊ पणजोबाना, हाऊ आबाना."

लग्नाहून आलो आणि युसूफचं शटर नीट केलं. आता एका बोटाने वर जातं.