पंचशीलनगर

महागावच्या वरच्या अंगाला बरडाचं पठार आहे. नुसता मुरूम, खुरट्या बाभळी आणि होळीआधीच आटणारे नाले. एकसष्ट साली तिथं नकाशा करणाऱ्यांचा तंबू पडला आणि डोमाजी त्यांच्याकडे खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, म्हणून लागला. चाळिशीचा काटक माणूस. टेकडीच्या माथ्यावर झेंडी धरून तो तासन्‌तास उन्हात उभा राही. खालून साहेब दुर्बिणीतून पाहत आणि तिपाईवरच्या कागदावर रेघा ओढत. झरा कुठं, वाट कोणत्या घळीतून, हे साहेब त्यालाच विचारत.

मग नावं टाकायचा दिवस आला. साहेबांची पेन्सिल पठाराच्या कडेच्या चाळीस घरांवर थांबली. ती डोमाजीचीच वस्ती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर लोकांनी तिचं नाव बदललं होतं.

"पंचशीलनगर, साहेब," डोमाजी म्हणाला.

शेजारी पटवारी उभा होता. "असं गाव दफ्तरात नाही. महारपुरा लिहा."

"ते नाव आमी सोडलं, पटवारीसाहेब. पाच वर्सं झाले."

"तुम्ही सोडलं. दफ्तरानं नाही सोडलं."

साहेबांनी डोमाजीची नजर चुकवली. "दफ्तरात असेल तेच लिहावं लागतं," ते पुटपुटले, आणि लिहिलं.

त्या संध्याकाळी बायकोनं, कौसल्येनं, विचारलं, "काहून जेवून नाही राह्यले?"

"त्यायले टेकडी दाखोली, झरा दाखोला, सारं खरं मानलं त्यायनं. एक आपलंच नाव खरं नाही वाटलं."

वस्तीतल्या शिकलेल्या धर्मपालकडून त्यानं अर्ज लिहून घेतला, घरोघर फिरून अंगठे घेतले. तहसील कचेरीतल्या बाबूनं अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच.

चौसष्ट साली छापील नकाशा कचेरीत लागल्याचं कळलं. डोमाजी धर्मपालला घेऊन गेला. धर्मपालनं वस्तीपाशी छापलेलं नाव वाचलं.

"तेच हाये न?"

"तेच हाये, मामा."

डोमाजी नकाशाजवळ सरकला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण टेकड्यांच्या रेघा त्यानं ओळखल्या. बोट टेकवणार तोच बाबू ओरडला, "ए, हात नको लावू! सरकारी आहे."

त्या हिवाळ्यात पलीकडच्या डोंगरांच्या मोजणीला ये, असा साहेबांचा निरोप आला. डोमाजी निरोप्याला म्हणाला, "सांग त्यायले, मले या रानातलं काहीच ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो दिग्रसच्या सडकेवर खडी फोडायला गेला.