बागेचे चार राखणदार

आंब्याच्या हंगामात आमची बाग राखायला नेपाळहून चौघेजण येतात. चौघांनाही मी ‘गुरखा’ अशीच हाक मारायचो. नाव कुणाचंच कधी विचारलं नाही.

एकदा भरदुपारी हातखंब्याला, हायवेच्या कडेला, त्यांच्यातला एक हापूस विकताना दिसला. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो, चौघांना खोपीबाहेर उभं केलं आणि एकाचा दंड धरून ओरडलो, “हाच तो! माझेच आंबे चोरून विकतोस?”

त्याचा दंड चांगलाच तापलेला लागत होता, तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. बाकीचे तिघे एक पाऊल पुढे सरकले. मी पकड आणखी घट्ट केली.

त्यांच्यातला थोरला हळू आवाजात म्हणाला, “शेठ, याला परवापासून ताप आहे. काल सकाळी तुम्हीच याच्या हातात गोळ्या दिल्यात. दिवसभर इथेच पडून होता.”

मी दंड सोडला. उतारावरच्या कलमांकडे बघत राहिलो. शंभरावर कलमं आहेत आमची. त्यातलं कुठलंही मी लांबून, नुसत्या पालवीवरून ओळखतो.

माणसं चारच होती.